महाराज आणि डबी

वहिनींना सगळं जग वहिनी म्हणायचं. नवऱ्याचे मित्र, शेजारपाजारचे, दूधवाला, फार काय, ऑफिसातला वयाने मोठा साहेबसुद्धा. आणि या वहिनी कुणाच्या, तर कानसेनांच्या घरातल्या. कानसेन हे नाव रविवारच्या मित्रमंडळींनी ठेवलेलं. ठेवलं असेल चेष्टेत, पण त्या गृहस्थाने ते असं काही अंगाला लावून घेतलं की दारावर पाटी ठोकायचीच काय ती बाकी राहिली होती.

घर तळमजल्यावरचं. त्यातली सगळ्यात मोठी खोली माणसांसाठी नव्हती, ती महाराजांसाठी होती. महाराज म्हणजे कानसेनांचा अ‍ॅम्प्लिफायर. गाण्याला जोर देऊन ते स्पीकरपर्यंत पोचवायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. पण थाट काय विचारता! उचलायला दोन माणसं लागायची. पुढे मोठाली बटणं, माथ्यावर काचेचे दिवे. ते दिवे पुरते तापेपर्यंत कुणी काही लावायचं नाही, असा दंडक. खोलीत जाड गालिचा, भिंतींवर फोमचे चौकोन, खिडकीला बारा महिने पडदा आणि मधोमध एकच खुर्ची. तिचे पाय कुठे टेकायचे तिथे खुणेला चिकटपट्टी लावलेली. केर काढताना खुर्ची बोटभर जरी सरकली तरी संध्याकाळी कानसेनांचं तोंड फुगलेलं.

दर रविवारी सकाळी तिथे बैठक जमायची. शेजारच्या इमारतीतले वकील अगदी पहिल्यापासून येणारे. अलीकडे दातांचे एक डॉक्टरही यायला लागले होते. बाकी दोघंतिघं येऊनजाऊन. बैठक रंगात आली की कानसेन स्वयंपाकघराकडे बघून हाक मारायचे, अगं जरा ये, तुझे कान हवेत. वहिनी हात पुसत यायच्या. त्यांना खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, आणि एकच गाणं दोनदा लावायचं. मधे बटणाचा टक असा आवाज. आधी जुनी वायर, मग नवी वायर, सांग बघू कुठली चांगली? वहिनी म्हणायच्या, पहिली. सगळे हसायचे. पुढच्या रविवारी म्हणायच्या, दुसरी. तरीही हसायचे. एकदा त्यांनी अगदी काकुळतीला येऊन सांगितलं की मला बाई दोन्ही सारखंच वाटतंय. त्या दिवशी तर मंडळी पोट धरून हसली. कानसेन म्हणाले, हिला कान आहेत, पण कढईला असतात तसले, नुसते धरायला.

वहिनीही हसायच्या. चार लोकांत रडता थोडंच येतं? मग चहाचे कप गोळा करून आत जायच्या आणि नळ सोडून उगाच बराच वेळ भांडी घासत बसायच्या. आपले कान ठोंबे आहेत हे त्यांनी हळूहळू मनाशी कबूलही करून टाकलं होतं. खरं तर बाईची नोकरीच कानांची होती. कोर्टातल्या सुनावण्यांचं रेकॉर्डिंग ऐकून ते टाइप करायचं. दोन वकील एकदम बोलतायत, साक्षीदार खोकतोय, वर पंखा कुरकुरतोय, आणि त्यातून एकेक शब्द वेचायचा. जे कुणाला कळत नसे ते रेकॉर्डिंग वहिनींच्या टेबलावर यायचं. पण ऑफिसातली अक्कल घरच्या उंबरठ्याबाहेर ठेवायची सवय झाली की माणसाला स्वतःचाच विसर पडतो. तशातली गत.

आणि अशातच वहिनींची आई पडली. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी बाई, लिफ्ट नाही, आणि पडली ती न्हाणीघरात. हाड जुळलं, पण जिना काही जमेना. लेक एकुलती एक. वहिनींनी सरळ विचारलं, आईला इथे आणू या का? मोठ्या खोलीत एक पलंग टाकला की झालं. दुसऱ्या खोलीत तर आपलंच कपाट उघडताना पलंगावर चढावं लागतं.

कानसेनांनी ऐकून घेतलं. रागावलेसुद्धा नाहीत, आणि तेच जास्त लागलं. लहान मुलाला समजवावं तसं त्यांनी समजावलं की गादी बेस खाते. एवढी मोठी कापसाची वस्तू खोलीत आली की खालचे सूर मेलेच म्हणून समज. त्यापेक्षा आपण आईंसाठी एखादी चांगली संस्था बघू.

म्हणजे सासू नको, कारण तिची गादी बेस खाते! वहिनींच्या आत त्या दिवशी काहीतरी तुटलं ते तुटलंच.

त्याच महिन्यात वहिनींच्या लेकीने परगावाहून एक पार्सल पाठवलं. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट. उघडलं तर आत तळहातावर मावेल एवढा अ‍ॅम्प्लिफायर. फोनवरून गाणं निवडायचं, ते इंटरनेटवरून थेट त्याच्यात उतरतं आणि वाजायला लागतं. ना बटणांची फौज, ना दिवे, ना तापायची वाट बघणं. कानसेनांनी तो दोन बोटांत धरून उलटासुलटा केला आणि म्हणाले, ही काय गोळ्यांची डबी पाठवली पोरीने? घे, तुझ्या कानांना चालेल. झालं, त्याचं नाव डबी पडलं आणि रवानगी झोपायच्या खोलीत, जुन्या लहान स्पीकरांच्या जोडीला.

वहिनी ऑफिसातून आल्या की कानसेन परत यायच्या आत तासभर मिळायचा. त्या कपड्यांच्या घड्या घालता घालता डबी लावायला लागल्या. पहिल्या दिवशी घडी हातातच राहिली. एक बाई गात होती, आणि ती गाण्याआधी श्वास घेते तो ऐकू आला. ओठ उघडल्याचा बारीक आवाजसुद्धा. ती बाई दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, कपाटापुढे उभी असावी असं वाटायला लागलं. मागे व्हायोलिन होतं, ते जरा डावीकडे, आणि त्याच्याही मागे कुणीतरी हलक्या हाताने ड्रम वाजवत होतं. सगळं आपापल्या जागी, कुणी कुणाच्या अंगावर येत नव्हतं. मोठ्या खोलीत त्यांना कधी काही ऐकूच आलं नव्हतं, कारण तिथे त्या ऐकायला नव्हे, परीक्षेला बसायच्या. इथे विचारणारं कुणी नव्हतं. वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांना भरून आलं.

आता वकिलांची गोष्ट. माणूस दिलदार, पण पोटात म्हणून काही राहायचं नाही. पक्षकारांनी त्यांच्यावर विश्वास कसा टाकला कोण जाणे. एकदा जिन्यापाशी भेटले. वहिनींनी कौतुकाने सांगितलं की डबीवर गाणं छान ऐकू येतं हो, पण मला मेलीला काय कळतंय, तुम्ही बघताच ना दर रविवारी. त्यावर वकील खो खो हसले आणि म्हणाले, अहो वहिनी, ती तर सगळी थट्टा! तो काही बदलायचाच नाही. नुसतं बटण टक करायचा. दोन्ही वेळा एकच वायर, एकच यंत्र. तुम्ही काहीही म्हटलं तरी चूकच! आम्हाला वाटलं तुम्हाला केव्हाच कळलं असेल.

वहिनी म्हणाल्या, हो हो, कळलं होतं की. आणि घरात येऊन दार लावून उभ्या राहिल्या. दोन्ही सारखंच वाटतंय असं त्यांनी एकदा सांगितलं होतं ना? तेच खरं होतं. अख्ख्या खोलीत खरं बोलणारं एकच माणूस होतं, आणि त्याच माणसाला कढई म्हटलं गेलं होतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ओरडावं, भांडावं, त्या महाराजांवर बादलीभर पाणी ओतावं, असं सगळं मनात येऊन गेलं. मग मात्र डोकं एकदम थंड झालं. भांडून काय मिळणार? फार तर एक सॉरी. त्यांना सॉरी नको होतं. त्यांना ती खोली हवी होती, आणि कानसेनांनी ती चार लोकांत, स्वतःच्या तोंडाने हरायला हवी होती.

पुढच्याच रविवारी चहा देताना वहिनींनी विषय काढला. डबी आणि महाराज यांच्यात खरंच एवढा फरक असतो का हो? कानसेन म्हणाले, अगं, झोपेत ओळखीन. वहिनींनी साधेपणाने विचारलं, आणि नाही ओळखलं तर?

"तर ही खोली तुझ्या आईला. आणि महाराज विकून टाकीन. वकीलसाहेब, लिहून घ्या हवं तर."

वकिलांनी टाळी वाजवली. पुढचा रविवार ठरला. मधे पडदा बांधायचा, पडद्यामागे डॉक्टर बसतील. स्पीकर तेच, गाणं तेच, फक्त यंत्र बदलायचं. कधी महाराज, कधी डबी, डॉक्टरांच्या मर्जीने. प्रत्येक वेळी काय वाजलं ते कानसेनांनी सांगायचं. एकही चूक झाली की हरले. त्यांनीच फुशारकीने घातलेली अट.

शनिवारी कानसेन केस कापायला गेले तेव्हा डॉक्टर जोडणी करायला आले. एक स्विच होता, इकडे केला की महाराज, तिकडे केला की डबी. डॉक्टर माणूस काटेकोर. फोनवर आवाज मोजून त्यांनी दोन्ही यंत्रं अगदी सारखी करून घेतली. म्हणाले, वहिनी, जे जरासं मोठ्याने वाजतं ते माणसाला चांगलंच वाटतं, दुकानदार हीच तर हातचलाखी करतात. मग त्यांनी दोन-तीनदा स्विच फिरवून बघितला आणि खांदे उडवले. आपल्याला बुवा काही फरक कळत नाही, म्हणाले, आणि दवाखान्यात निघून गेले.

वहिनी एकट्या राहिल्या. त्यांनी पियानोचं गाणं लावलं, खुर्चीत बसल्या आणि स्विच फिरवला. पुन्हा फिरवला. गाणाऱ्या बाईचा आवाज दोन्हीकडे सारखाच गोड, डबीवर उलट जरा जास्तच स्वच्छ. पण पियानोवर एक अगदी खालचा सूर यायचा. महाराज तो सूर धरून ठेवायचे आणि सावकाश खाली ठेवायचे. डबी त्याला किंचित लवकर सोडून द्यायची. आणि शेवटी सगळी वाद्यं एकदम भरात आली की डबीवर थोडी दाटी व्हायची, महाराजांवर नाही. वहिनींनी डोळे मिटून, स्विच भराभर इकडेतिकडे करून, कुठे आहे ते स्वतःलाच चकवून बघितलं. दर वेळी ओळखू आलं.

आनंदाने त्या खुर्चीतून उठल्याच. मला कळतंय! मला सगळं कळतंय! आणि लगेच पुन्हा खुर्चीत बसल्या. आपल्याला कळतंय, म्हणजे त्यांनाही कळणार. कारण खरं सांगायचं तर माणूस खोटारडा होता, पण त्याचे कान खोटे नव्हते. मन लावून ऐकायला बसले की तोंड जरासं उघडं पडायचं, पाय थांबायचा, आणि मग त्यांच्या तावडीतून काही सुटायचं नाही. उद्या तसे बसले तर जिंकले म्हणून समजा. आई तिसऱ्या मजल्यावरच राहणार, किंवा कुठल्यातरी संस्थेत.

वहिनींनी पायात चपला सरकवल्या आणि तडक वकिलांचं घर गाठलं. डोळ्याला पदर लावला, आवाज खाली आणला. म्हणाल्या, भाऊजी, जिवाला चैन नाही म्हणून तुम्हाला सांगते. मी उद्या तेच करणार आहे जे त्यांनी माझ्याशी केलं. डॉक्टरांना सांगून ठेवलंय, नुसतं टक करा, काही बदलू नका. सगळ्या वेळा डबीच वाजणार. ते म्हणतील हा महाराज, ही डबी, आणि फसतील. पण तुम्हाला माझी शपथ आहे, यांच्या कानावर जाता कामा नये.

वकिलांनी शपथ घेतली. अगदी गळ्याला हात लावून घेतली.

संध्याकाळी कानसेन भाजी आणायला म्हणून बाहेर गेले आणि भाजी न घेताच, शीळ घालत घरी आले. जेवताना म्हणाले, आज काय मूड आहे बुवा तुझा, दोनदा वाढलंस. वहिनींनी तिसऱ्यांदा वाढलं.

रविवारी खोली भरली. पडद्यामागे डॉक्टर, खुर्चीत कानसेन, भिंतीशी वकील आणि आणखी दोघं, आणि दारात वहिनी. गाणं सुरू झालं. टक. पुन्हा सुरू झालं. टक. वहिनींची नजर नवऱ्याच्या पायावर होती. पाय हलत होता, मस्त तालात हलत होता. तोंड मिटलेलं, ओठांच्या कोपऱ्यात हसू. मधेच वकिलांकडे बघून त्यांनी एक डोळासुद्धा मिचकावला. पियानोचा तो खालचा सूर आला, महाराजांनी धरून ठेवला, सावकाश खाली ठेवला, आणि कानसेन त्याच वेळी नखं बघत होते. वहिनींनी दाराची चौकट घट्ट धरली होती, ती सोडली.

गाणं थांबलं. वकील म्हणाले, हं, सांगा. कानसेन उठून उभे राहिले. त्यांना भाषण करायचं होतं.

"मंडळी, इथे चलाखी चाललीय. हे काही बदलतच नाहीयेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच यंत्र वाजलंय, आणि ते म्हणजे ही डबी. तिचा तो पोकळ, पत्र्याचा आवाज मला लपतो की काय?"

पडदा बाजूला झाला. डॉक्टर स्विचवर हात ठेवून बसले होते, चेहरा गोंधळलेला. ते म्हणाले, अहो, मी तर बदलत होतो. पहिल्यांदा महाराज होते. मग डबी. मग पुन्हा महाराज, दोनदा. हे बघा, मी कागदावर खुणासुद्धा केल्यात.

मग वकिलांच्या पोटातलं बाहेर पडलं, पडणारच होतं. ते म्हणाले, पण वहिनी, तुम्ही तर मला म्हणालात की नुसतं टक... आणि मी याला काल... इथे त्यांना आपण काय बोलतोय ते कळलं आणि ते गप्प झाले. तोवर व्हायचं ते झालं होतं. भिंतीशी बसलेल्या एकाने विचारलं, म्हणजे कानसेन, तुम्हाला उत्तर आधीच ठाऊक होतं? तुम्ही ऐकलंच नाहीत? दुसऱ्याने विचारलं, आणि ऐकलं असेल, तर महाराजांचा आवाज तुम्हाला पोकळ आणि पत्र्याचा लागला?

कानसेनांच्या तोंडचं पाणी पळालं. ऐकलं म्हणावं तर कान गेले, नाही ऐकलं म्हणावं तर अब्रू गेली. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी बायकोकडे बघितलं.

"पुन्हा लावा. या वेळी नीट ऐकतो."

"मला लावलं होतंत कधी पुन्हा?" वहिनी म्हणाल्या. "पुन्हा सोडा, मला तर दुसरं काही ऐकवलंच नव्हतंत. एकच यंत्र दोनदा, आणि वर हसायचं. कितीतरी वर्षं. मी म्हटलं होतं दोन्ही सारखंच आहे म्हणून, आठवतं?"

डॉक्टरांना हे नवीन होतं. त्यांनी वकिलांकडे बघितलं, वकिलांनी गालिच्याकडे. कानसेनांचा मात्र पारा चढला. हरलेला माणूस जिथे जोर चालतो तिथे जातो, तसे ते बायकोवर गेले. म्हणाले, तू गप्प बस, तुला यातलं काय कळतंय? तुला तरी आलं असतं का ओळखता?

वहिनी याचीच वाट बघत होत्या असं नाही. हे काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. पण त्या पुढे आल्या, नवऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं, खुर्ची फिरवून यंत्रांकडे पाठ केली आणि बसल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, भाऊजी, पडदा ओढून घ्या, आणि लावा तुमच्या मनाला येईल तसं.

गाणं लागलं. वहिनींनी डोळे मिटले. टक. त्या म्हणाल्या, डबी. टक. अजून डबीच. टक. महाराज. टक. डबी. टक. महाराज. त्यांच्या आवाजात घाई नव्हती, ऑफिसात टाइप करताना असावा तसा सपाट आवाज होता. दर वेळी पडद्यामागून डॉक्टरांचा आवाज यायचा, बरोबर. थोड्या वेळाने ते बरोबर म्हणायचेसुद्धा थांबले, कारण आता गरजच राहिली नव्हती.

वहिनी उठल्या. नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात एवढं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

"फरक आहे," त्या म्हणाल्या. "थोडासाच आहे, पण आहे. पियानोचा खालचा सूर डबी लवकर सोडते. महाराज सोडत नाहीत. तुमचा महाराजच जास्त चांगला आहे हो. काल मला कळलं तेव्हा मी घाबरले होते, म्हटलं, हे ऐकतील आणि जिंकतील. तुम्ही नुसतं ऐकलं असतंत तर जिंकला असतात."

वकील दाराकडे सरकायला लागले, त्यांच्यामागून बाकीचे दोघं. डॉक्टर स्विच हातात धरून तसेच उभे.

"एकदाच लाव," कानसेन म्हणाले. आवाज अगदी बसला होता. "तो खालचा सूर. मला ऐकायचाय."

वहिनींनी क्षणभर विचार केला. मग भिंतीपाशी गेल्या आणि मेन बटण बंद केलं. डॉक्टरांना म्हणाल्या, भाऊजी, पलीकडून जरा हात लावता का, एकटीला उचलायचं नाही. आधी तो गालिचा काढू या, आईची काठी अडकेल त्यात.